आम्ही मूळचे कोकणातले

आमच्या घरात मूल बोलायला लागलं की त्याला आधी ‘आई’ शिकवतात, मग ‘बाबा’, आणि त्यानंतर लगेच शिकवतात ते ‘आम्ही मूळचे कोकणातले.’ मला शिकवलं, माझ्या दादाला शिकवलं, पुढे दादाच्या मुलीलाही शिकवलं. इथे बनारसात, मंगला गौरीच्या गल्लीत, एवढंसं पोर कडेवर बसून हे वाक्य म्हणायचं आणि महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू खूश होऊन त्याच्या हातावर खडीसाखर ठेवायचे. ज्या गावाचे आम्ही मूळचे आहोत ते गाव आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. माझ्या आजोबांनी पाहिलं नव्हतं, त्यांच्या आजोबांनीही नव्हतं. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या गावाला आमची नावं माहीत नाहीत, तेव्हा फिट्टंफाट.

मी गणिताची मास्तरीण. मुलींच्या शाळेत जन्म घालवला, आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे दादाच्या घरात माझा मुक्काम आहे आणि तिथल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसण्याचा हक्कही आहे. दादा वैदिक. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, गंगापूजन, अभिषेक हा त्याचा व्यवसाय. रोज सकाळी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर यजमानाला बसवून तो संकल्प सोडतो, तेव्हा देवाला आपला ठावठिकाणा अगदी बारकाईने कळवतो: कुठलं द्वीप, कुठला खंड, कुठलं क्षेत्र, नदीचा कुठला तीर. तोच दादा घाट चढून वर आला आणि कोणी विचारलं, तर तो कोकणातला असतो. देवाला एक पत्ता आणि माणसांना दुसरा, असं त्याचं आयुष्यभर चाललं होतं आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं.

या वाक्याचा एक व्यावहारिक उपयोगही होता. गल्लीत नळावरून भांडण झालं, गटार कोणी साफ करायचं यावर बैठक बसली, की दादाला बोलवायला माणूस यायचा. दादा दारातून हात जोडायचा. “भइया, हम तो ठहरे बाहर के आदमी। आप लोग देख लीजिए।” आणि दार लावून घ्यायचा. लोक भांडूनतंडून नळ सुरू करायचे, आणि पाणी आमच्याकडेही यायचं. बाहेरच्यांना पाणी बंद, असं गल्लीने कधी केलं नाही.

तर अशा आमच्या गल्लीच्या टोकाला एक बांधकाम कंपनी आली. एक जुनी धर्मशाळा पडायला झाली होती, तिच्या जागी यात्रेकरूंसाठी मोठी इमारत उठायची होती. कंपनी मोठी होती आणि मोठ्या कंपनीला शेजारधर्म कागदावर पाळावा लागतो. म्हणून त्यांनी आधी एक सभा घेतली, सगळ्यांना समोसे दिले आणि विचारलं की मोहल्ल्याला काय हवं आहे. बनारसात दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत होत नाही, पण त्या दिवशी झालं. सगळे म्हणाले, गटार. पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत पाणी येतं, तेवढं बघा. कंपनीने ते फार काळजीपूर्वक ऐकून घेतलं आणि बाक दिले.

लोखंडी बाक, पाठीवर कंपनीचं चिन्ह. आमच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला भिंतीला पाल होऊन चिकटावं लागतं. तिथे बाक. सांडांना ते आवडले, पाठ घासायला. एक बाक पानवाले भइयांनी आपल्या दुकानापुढे ओढून घेतला आणि त्यावर गिऱ्हाइकं बसवली, तेवढाच काय तो समाजाच्या कामी आला. मग कंपनीने घाटाकडे उतरणाऱ्या भिंतीवर चित्रं काढली. गंगेची आरती, होड्या, उगवता सूर्य. ते बघायला नदीकडे पाठ करून उभं राहावं लागे. मला वाटलं आता तरी थांबतील, पण शेजारधर्माचा तिसरा भाग बाकी होता, तो म्हणजे तरुणांचं भविष्य.

त्याचे फलक लागले. पिवळं हेल्मेट घातलेला एक मुलगा आणि एक मुलगी आकाशाकडे बघून हसत होती. दोघं इतकी गोरीपान की बांधकामावरचं ऊन त्यांना कधी लागलं नसावं. खाली लिहिलं होतं की आसपासच्या तरुणांना कंपनी प्रशिक्षण देईल, कामावर शिकवील आणि उत्तीर्ण झालेल्यांना नोकरी देईल. आधी मार्गदर्शनाचा एक वर्ग झाला. मी मागे जाऊन बसले होते, कारण फुकटचा वर्ग बघितला की मास्तरणीचे पाय आपोआप वळतात. टाय लावलेला एक मुलगा मोठ्या उत्साहाने विचारत होता, “पाँच साल बाद आप अपने को कहाँ देखते हैं?” आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, “यहीं। भइया की दुकान पर।” बाकीच्यांनी माना डोलावल्या. टायवाल्याला हे महत्त्वाकांक्षेचं उत्तर वाटलं नाही. मला विचाराल तर संबंध दिवसात बोललेलं ते एकच खरं वाक्य होतं.

त्या वर्गात पहिल्या रांगेत माझी भाची, दादाची मुलगी, बसली होती.

तिचं सांगायचं तर, ती लहानपणापासून बांधकाम बघत उभी राहणारी पोर. इतर मुली घाटावर फुगे मागायच्या, ही गवंड्याचा ओळंबा मागायची. भोसले घाटावरून जाताना दादा तिला सांगायचा, “हा बघ, नागपूरकरांनी बांधला. आपल्या लोकांनी.” ती विचारायची, “पण इतकी वर्षं पुरात उभा कसा राहिला?” दादाला ते ठाऊक नव्हतं. बांधणारे आपले होते, एवढं त्याला पुरत होतं. पुढे तिने पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला. वर्गात मुली मोजक्याच. पास झाली, आणि मग घरी बसली. बाहेरगावी पाठवायला दादा तयार नव्हता आणि बनारसात कोणी घेत नव्हतं. जिथे जाई तिथे अनुभव विचारत. अनुभव यायला आधी कोणीतरी घ्यावं लागतं, हे गणित मलाही सुटलेलं नाही.

दादाने तिचं बी.एड.चं ठरवून टाकलं होतं. “शिकवण्यात इज्जत आहे, तुझ्या आत्याला बघ,” असं तो म्हणे. मी स्वतःकडे बघे आणि गप्प बसे. भाची रडली नाही, भांडली नाही. ती म्हणाली, “बाबा, हे एक करू द्या. नाही झालं तर बी.एड. करीन, मग कधी नाव काढणार नाही.” दादाने मान्य केलं. कंपनीच्या भूमिपूजनाला मंत्र त्यानेच म्हटले होते, मुख्य कार्यालयातून आलेल्या मोठ्या साहेबांनी त्याला वाकून नमस्कार केला होता, तेव्हा कंपनीबद्दल त्याचं मत बरं होतं. झालं तर बांधकाम, नाही तर खडू. एवढ्यावर येऊन पोरीचा जन्म टांगला.

आता हे ‘आसपासचे तरुण’ म्हणजे कोण, हा प्रश्न आला. आमच्याकडे खोल्या भाड्याने घेऊन राहणारी शेकडो मुलं, सगळ्यांच्या आधारवर पत्ता इथलाच. म्हणून कंपनीने एक मोहल्ला समिती केली. उमेदवार खरंच इथला आहे की नाही ते समिती सांगेल. समितीत वडीलधारी माणसं हवीत म्हणून कंपनीचा माणूस सगळ्यात आधी आमच्याकडे आला. पंडितजी, तुम्ही बसा. दादाने दारातून हात जोडले. तेच वाक्य. “हम तो ठहरे बाहर के आदमी। स्थानीय लोगों को लीजिए।” मी स्वयंपाकघरातून ओरडले, “दादा, अरे पोरगी अर्ज करतेय!” पण माणूस गेला होता. दादाच्या जागी पानवाले भइया बसले.

मुलाखतीच्या दिवशी भाची माझी सुती साडी नेसून गेली. कंपनीचं कार्यालय म्हणजे साड्यांचं जुनं गोदाम, कोपऱ्यात एसी बसवलेला. दुपारी ती परत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. “आत्या, गडबड हो गई.”

काय झालं ते तिने सांगितलं. खांब सरळ उभा आहे हे कसं बघशील, असं विचारलं, ते तिने सांगितलं. सिमेंट ताजं आहे की नाही कसं ओळखशील, तेही सांगितलं. सगळे खूश. उठता उठता साहेबांनी प्रेमाने विचारलं, कारण ते प्रत्येकाला विचारत होते, “बेटा, कहाँ की हो?” आणि हिच्या तोंडून कडेवर बसून शिकलेलं वाक्य बाहेर पडलं. “जी, हम लोग मूलतः कोंकण के हैं।”

पानवाले भइया लगेच म्हणाले, “देखिए साहब, ये लोग बाहर के हैं। पंडितजी खुद कहते हैं। पूरी गली गवाह है।”

हिच्या आधी एक मुलगा आत गेला होता. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा जिल्ह्यातून येऊन आमच्या पलीकडच्या घरात खोली घेतलेला. त्याला हाच प्रश्न विचारला, तो छाती फुगवून म्हणाला, “पक्का बनारसी!” त्याची निवड झाली.

भाची हे सांगत होती तेव्हा दादा झोपाळ्यावर बसून ऐकत होता. आणि मी आजही विसरलेले नाही, त्याच्या तोंडावर आधी समाधान आलं. “सांगितलं तर बरोबर पोरीने,” तो म्हणाला. माझ्या हातात लाटणं होतं. ते मी खाली ठेवलं, ही माझी सज्जनता. मग मी त्याला जे बोलले ते वहिनीने खिडकी लावून घेतली म्हणून गल्लीला ऐकू गेलं नाही. कुठलं कोकण? कोणाचं कोकण? तिथे तुझं एक तुळशीचं रोप तरी आहे का? दादा नुसता म्हणत राहिला, “पण आपण आहोतच ना तिथले.” संध्याकाळपर्यंत त्याला कळलं की पोरगी जेवलेली नाही. तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तो एक बातमी घेऊन आला. मुलाखत घेणारे कंपनीचे साहेब मराठी आहेत, आणि नुसते मराठी नव्हेत, खुद्द कोकणातले! दादाच्या मते आता प्रश्नच मिटला. आपला माणूस निघाला. त्यांना जेवायला बोलवायचं. वहिनीला हुकूम सुटला की कोकणी स्वयंपाक झाला पाहिजे, सोलकढीसकट.

आमच्या घरात सोलकढी कोणी कधी केली नव्हती. कोणा यजमानाने दिलेली आमसुलं फडताळात होती, ती चामड्यासारखी झाली होती. नारळ आमच्याकडे देवापुढे फुटतो आणि त्याची बर्फी होते, जेवणात तो घालतात हे आम्ही ऐकून होतो. वहिनीने मोबाईलवर बघून बघून, यजमानांनी वाढवलेल्या सुकत आलेल्या नारळांचं दूध काढलं. जो रंग आला तो पेशव्यांच्या वेळेपासून कोकणात कोणी पाहिला नसेल.

साहेब भला माणूस. चाळिशीचा, सावळा, हळू बोलणारा. जेवला, वाटीतला एक घोट घेतला आणि म्हणाला, “वहिनी, मला चहा चालेल.” मग दादाने गावाचं नाव सांगितलं. साहेबाचे डोळे चमकले. “अरे, म्हणजे आमच्या पलीकडचंच! वाडी कुठली तुमची? खाडीकडची की वर सड्यावरची?”

दादाने उपरणं सावरलं. “मधली,” म्हणाला.

साहेबाने मान खाली घातली. हसू आलं असणार, पण त्याने ते दाखवलं नाही. “घर कुठल्या अंगाला होतं?” दादाला माहीत नव्हतं. “ग्रामदैवत?” दादाने कुलदैवत सांगितलं. वेदातला एक स्वर चुकला तर दुसऱ्याला भर घाटावर थांबवणारा माझा भाऊ, आपल्या गावाला नदी आहे की नाही हे सांगू शकला नाही. मला वाटलं होतं मला मजा वाटेल. वाटली नाही.

“गुरुजी,” साहेब म्हणाला, “तुम्ही आमच्याकडचे असाल, मी नाही कुठे म्हणतोय? पण आमच्याकडे कोणाला ते ठाऊक नाही. तुमचं मराठी ऐकायला गोड वाटतं, पण खरं सांगू, मला आधी वाटलं तुम्ही हिंदीच बोलताय. आणि मी तुमच्या मुलीला घेतलं ना, तर उद्या गल्ली म्हणेल साहेबाने आपल्या गाववाल्याची पोर घेतली. हुशार आहे ती, मला हवी आहे. पण ती इथली आहे हे समितीने म्हणायला हवं. एक जागा मी दोन दिवस धरून ठेवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही.”

साहेब गेला. भाची दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. चिडली की ती हिंदीत बोलते, सगळीच पोरं बोलतात.

“बाबा,” ती म्हणाली, “मुझे कहीं का तो बना दीजिए।”

दादा रात्रभर झोपाळ्यावर होता, असं वहिनी म्हणाली. मला एवढंच ठाऊक आहे की सकाळी घाटावरून तो नेहमीपेक्षा लवकर परतला, धोतर बदललं, नवं उपरणं घेतलं आणि मला म्हणाला, “चल.” लहानपणी कुत्र्याची भीती वाटली की तो मला असाच सोबत न्यायचा.

पानाच्या दुकानापुढे कंपनीच्या बाकावर समिती बसलेली असे. बैठक नसली तरी बसलेली असे. दादा समोर उभा राहिला आणि त्याने विद्वानासारखी सुरुवात केली. भोसले घाट कोणी बांधला? अमृतराव घाट कोणी बांधला? या काशीत आमच्या लोकांनी काय काय बांधलं... भइयांनी पानाला चुना लावत लावत सगळं ऐकून घेतलं.

“ठीक कहते हैं गुरु,” ते म्हणाले. “बनवाने वाले बनवा गए। आप लोग यहीं रह गए। मगर माना आपने कभी नहीं।”

भइयांच्या बोलण्यात विष नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांना गंमत वाटत होती, आणि गमतीच्या तळाशी थोडं दुखलेलं होतं. इतकी वर्षं रोज सकाळी ज्याला पान द्यावं, त्याने रोज सांगावं की मी तुमच्यातला नाही. कोणालाही लागेल. ते मला त्या दिवशी प्रथम दिसलं.

“हमको बिटिया से कोई दिक्कत नहीं,” भइया म्हणाले. “हमारे सामने पैदा हुई है। आप बस एक बार कह दीजिए कि कहाँ के हैं। फिर बात खत्म।”

गल्ली जमली होती. बनारसात कोणी कोणाला एक वाक्य म्हणायला लावतोय म्हटल्यावर माणसं दुकानं सोडून येतात. दादाने घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. हिंदीत ते वाक्य त्याला येतच नव्हतं, कधी शिकवलंच नव्हतं कोणी. शेवटी त्याने डोळे मिटले आणि त्याला जे येत होतं ते सुरू केलं. रोजचा संकल्प, खणखणीत आवाजात. जंबुद्वीप, भरतखंड, आनंदवन, अविमुक्त वाराणसी क्षेत्र, भागीरथीचा पश्चिम तीर. घाटावर म्हणतो तसंच, एक पायरी न गाळता. एका म्हातारीने हात जोडले.

भइयांनीही पान खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाले, “वाह गुरु। अब यही हिंदी में।”

हशा पिकला. दादाने डोळे उघडले. मला वाटलं आता हा उपरणं झटकून घरी जाणार. पण त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे भाची उभी होती.

“हम यहीं के हैं,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्यांनी “क्या? क्या कहा?” विचारलं. त्याला परत म्हणावं लागलं. “यहीं के हैं। इसी गली के।”

“तो अब नलवाली बैठक में आइएगा?” भइयांनी विचारलं.

“आऊँगा।”

“गटारवाली में?”

“अरे आऊँगा, भइया।”

भइयांनी पान त्याच्या हातावर ठेवलं आणि कंपनीच्या कार्यालयाकडे तोंड करून हाक दिली की लोकल है, लिख लीजिए.

भाची कामाला लागली. पिवळं हेल्मेट तिला मोठं व्हायचं, आत दादाचं जुनं उपरणं घडी करून ठेवलं तेव्हा कुठे बसलं. ती काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फोडायची आणि किती भार सोसला ते बघायची. संध्याकाळी घरी आली की बुटाला सिमेंट. वहिनी तिला स्मशानातून आल्यासारखं बाहेरच्या नळावर पाय धुवायला लावायची. जेवताना ती पाया, सळया, खड्डा असलं काहीबाही बोलत राही. मी इतकी वर्षं मुलींना त्रिकोण शिकवले, पण त्रिकोणाबद्दल एवढ्या आनंदाने कोणी माझ्यासमोर बोललं नव्हतं. ‘पक्का बनारसी’ मुलगा पंधरा दिवसांत सोडून गेला, त्याला ऊन सोसेना. दादा नळाच्या बैठकीला जाऊ लागला. तिथे तो इतकं बोलायचा की भइयांना पश्चात्ताप झाला असावा. मात्र गटाराच्या कामाला दोनदा अर्ज त्यानेच लिहून दिला आणि त्यातलं हिंदी इतकं संस्कृत होतं की कार्यालयाने घाबरून माणूस पाठवला.

इमारत उभी राहिली. भाची उत्तीर्ण झाली. फलकावर नोकरी लिहिली होती, आणि कंपनीने ती दिलीही, खोटं कशाला बोलू. पण बनारसातलं काम संपलं होतं. मोहल्ल्यातल्या तरुणांना पायावर उभं करून कंपनीने त्यांना चालायला लावलं, कोणाला गुजरातेत, कोणाला आसामात. आसपासच्या तरुणांचा रस्ता आसपास राहत नाही, हे फलकात नव्हतं. साहेब स्वतः आमच्या घरी पेढे घेऊन आला. खाडीवर एक पूल बांधायचा आहे, तिथे तिची नेमणूक. “गुरुजी, मुद्दाम मागून घेतली मी. तुमच्याच गावापासून जवळ आहे. जा-ये करता येईल इतकी.”

मला खदखदून हसू आलं. दादाने पेढा देवापुढे ठेवला.

भाचीच्या मनात भीती नव्हती असं नाही, पण ती जाणार होती हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. निघायच्या दिवशी दुपारी ई-रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. वहिनीने मंगला गौरीचं कुंकू बांधून दिलं, दादाने गंगाजलाचा तांब्या दिला आणि तो सांडू नये म्हणून त्याचं झाकण कितीदा दाबून पाहिलं. हेल्मेट तिने पिशवीला बाहेरून टांगलं होतं. निम्मी गल्ली बाकावर आणि बाकाभोवती. ती सगळ्यांच्या पाया पडली, भइयांच्याही पडली, आणि रिक्षा वळली.

दादा वळणाकडे बघत तसाच उभा होता. भइयांनी पानाचा विडा पुढे केला आणि त्याला जरा हसवावं म्हणून म्हणाले, “का गुरु, अब काहे का दुख? बिटिया तो अपने गाँव जा रही है।”

“कैसा गाँव, भइया?” दादा म्हणाला. “परदेस है वो। वहाँ हमारा है कौन?”

आयुष्यभर मी या माणसाला टोचून बोलत आले आणि याहून चांगली संधी मला पुन्हा मिळणार नाही. मी त्याचा हात धरला. भइयांनी बाकावर सरकून जागा केली. दादा बसला, उपरण्याने डोळे पुसले, विडा तोंडात टाकला. मग म्हणाला, “आज नलवाली बैठक में ज़रा देर से आऊँगा।”